अंकुशच्या नावावरचे हंगाम

ऋतुजाने वडिलांच्या नावाने अर्ज भरला आणि भरून झाल्यावर त्यांना सांगितले.

"आप्पा, नव्या साखर कारखान्यात पॅनमन घ्यायचेत. अनुभवी माणसं पाहिजेत त्यांना. तुमचं नाव टाकलंय."

अंकुश वाघमोडे अंगणात नळीने झाडांना पाणी घालत होते. नळी त्यांच्या हातातून खाली पडली. पाणी चपलांवरून वाहू लागले, तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"कुणाला इचारून टाकलंस?"

"विचारायचं काय त्यात? सारी उमर पॅन चालवलात. आता कारखाना घराजवळ आलाय, आणि तुम्ही पपईला पाणी घालत बसलाय."

"वय झालं माझं. काढून टाक नाव."

"काढता येत नाही. दावा नोंदला गेलाय. आता साक्ष द्यायलाच लागती."

ओट्यावर तिचे चुलते, लहूनाना, मेथी निवडत बसले होते. त्यांचाही हात थांबला. निवडलेल्या भाजीत निम्म्या मुळ्या तशाच होत्या. ऋतुजाची आई कमल ती भाजी न्यायला आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"भावजी, ही भाजी हाय का गवत? तिकडं माझ्या नवऱ्याला काय खायला घालत होता, देवच जाणे."

ऋतुजा हसली. नाना हसले नाहीत. आप्पाही नाही.

अंकुश आणि लहू हे जुळे नव्हते. दीड-दोन वर्षांचे अंतर होते. पण तोच लांबट चेहरा, तीच खांद्यातून झुकलेली चाल. दिवाळी झाली की दोघे सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यावर जात आणि होळीच्या पुढेमागे परत येत. अंकुश तिथे कायम नोकरीत होते, पॅनमन म्हणून. लहू त्यांच्याबरोबर स्वयंपाकाला जात. गावात सगळ्यांना हे असेच माहीत होते. तो कारखाना बंद पडल्यापासून दोघे घरीच होते.

पॅन म्हणजे उसाचा पाक आटवून त्यात दाणा धरायचे मोठे बंद भांडे. पॅनमन सळई ओढून पाकाचा नमुना काचेवर घेतो, बोटाने पसरतो, उजेडात धरतो आणि ठरवतो, आता पाक सोडायचा की पाणी. या कामाला मान होता. कमलच्या वडिलांनी जमीन न बघता मुलगी दिली ती जावई पॅनमन आहे म्हणून. लहूला मात्र कुणी मुलगी दिली नाही. भावाच्या भाकरी थापणाऱ्याला कोण देणार?

ऋतुजाला लहानपणापासून नानांची थोडी लाजच वाटे. तिच्या लग्नात सासरच्या कुणीतरी विचारले, "हे कोण?" तेव्हा नाना वाढप्यांच्या रांगेत होते. ती म्हणाली होती, "आमच्याकडेच असतात."

ऋतुजा तालुक्याच्या गावी श्रमसाक्ष केंद्रात ऑपरेटर होती. ही केंद्रे निघून चार-पाच वर्षे झाली होती. त्याआधी नोकरीच्या जगात एवढा खोटेपणा माजला होता की कुणाला कामावर घ्यायचे म्हणजे जुगारच. अनुभवाचे दाखले घरबसल्या बनत. मुलाखतीत पडद्यावर एक चेहरा दिसे आणि कामावर दुसराच हजर होई. आधीच्या कंपनीला फोन करून खात्री करावी, तर फोन उचलणारा साहेबही बनावट आणि ती कंपनीही. एका ठिकाणी क्रेन चालवायला घेतलेला माणूस पहिल्यांदाच क्रेनमध्ये बसला आणि खाली तीन माणसे गेली. त्यानंतर सरकारने ठरवले की आता कागद विचारायचा नाही, शरीराला विचारायचे.

हातांनी केलेले काम मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत, मुरते. तोंडाने ते सांगता येत नाही आणि ठरवून पुसताही येत नाही. वर्षानुवर्षे एकच काम केलेल्या माणसाचा लहान मेंदू पुढची पायरी आधीच गृहीत धरून बसतो. ती पायरी चुकली की त्याला दचका बसतो, माणसाला स्वतःला कळायच्या आत. उमेदवाराच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचे, हातात दोन मुठी द्यायच्या, त्या गरम होतात, थरथरतात. समोर कामाचे दृश्य, कानात तिथलाच आवाज, नाकाला तिथलाच वास. मध्येच एक पायरी मुद्दाम चुकीची दाखवायची. ज्याने ते काम केले आहे त्याची पडद्यावरची रेघ उडते. ज्याने केले नाही त्याची सरळ चालते. नाटक करायला वेळच मिळत नाही.

दावा खरा ठरला तर उमेदवाराच्या नावापुढे हिरवी खूण. खोटा ठरला तर लाल, आणि ती पुढच्या प्रत्येक मालकाला दिसणार. केंद्राच्या प्रतीक्षालयातल्या पडद्यावर तर सगळ्या गावालाच दिसणार.

आप्पा टाळाटाळ करताहेत ते मशीनच्या भीतीने, असे ऋतुजाला वाटले. म्हणून सोमवारच्या साक्षीआधी, रविवारी केंद्र बंद असताना, तिने त्यांना सरावासाठी नेले. नाना म्हणाले, "मी कशाला?" पण कमलने त्यांनाही गाडीत बसवले. येताना बाजार आणायचा होता.

आप्पा खुर्चीत बसले ते दाढेच्या डॉक्टरकडे बसावे तसे.

पडद्यावर पॅनचा मजला आला. काचेवर नमुना पसरला. दाण्यात बारीक, नको असलेला दाणा धरला होता. अशा वेळी पाणी मारून तो विरघळवायचा असतो. पडद्यावरचा हात मुद्दाम पाकाच्या व्हॉल्व्हकडे गेला.

आप्पांची रेघ सरळ.

ऋतुजाने दुसरी चूक दाखवली. सरळ. तिसरी दाखवली. तीही सरळ. मग तयार माल खाली सोडतानाचा आवाज आला, पोटात कुणी ओरडावे तसा, आणि आप्पांनी दोन्ही मुठी सोडून दिल्या. चाचणी आपोआप बंद पडली.

"मशीन बिघडलंय," ऋतुजा म्हणाली. तपासायला तिने प्राथमिक फेरी लावली. त्यात शिवणकाम, गाडी चालवणे, सुतारकाम, स्वयंपाक असे सगळ्याचे तुकडे येत. पडद्यावर कुणीतरी भाकरी थापत होते, ती उलटताना मुद्दाम उशीर केला होता. आप्पांची रेघ एवढी उडाली की पडद्यात मावेना.

"बघा! आता ही भाकरीवर उडती," ती वैतागून म्हणाली. "नक्कीच बिघडलंय. नाना, तुम्ही बसा जरा."

"मी? मला काय येतंय?"

"म्हणूनच बसा. काहीच काम न केलेला माणूस बसवला की रेघ सरळ आली पाहिजे. कोरा माणूस लागतो मशीन तपासायला. तुमच्यापेक्षा कोरा कोण मिळणार मला?"

हे ती हसत म्हणाली. आप्पा पटकन म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऋतू. चला घरी." पण नाना तिचा शब्द मोडत नसत. ते बसले. त्यांनी मुठी धरल्या.

पॅनचा मजला आला आणि नानांची पाठ ताठ झाली. नमुना पसरला. चुकीचा हात पाकाच्या व्हॉल्व्हकडे निघाला, तो पोचायच्या आतच रेघ उडाली. दुसऱ्या चुकीला उडाली, तिसऱ्यालाही. नानांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, न दिसणाऱ्या काचेवर न दिसणारा दाणा पसरत. ते त्यांना स्वतःला ठाऊकही नव्हते.

मग भाकरीचा तुकडा आला. नानांची रेघ सरळ.

ऋतुजाने मशीन बंद केले.

"आप्पा," ती म्हणाली, "पॅन कोण चालवत होतं?"

केंद्रासमोरच्या हॉटेलात आप्पांनी सांगितले. चहा तिघांसमोर थंड होत होता.

"दोन हंगाम मी चालवला, खोटं न्हाय. तिसऱ्याला माल सोडताना खाली माझा सोबती हुता. बसू त्याचं नाव. त्याला कुणी सांगितलं न्हवतं. उकळता माल अंगावर आला त्याच्या. मी वरून बघत हुतो." त्यांनी कप बाजूला सरकवला. "दुसऱ्या पाळीला मी जिना चढाय गेलो, तर पाय वर जाईना. लहू मला भेटाय आलेला. फोरमन म्हणला, ह्याला उभा कर एक पाळी, मी शिकवतो, नाव तुझंच राहू दे. आम्हाला पॅनवर हात पाहिजेत, तोंड कुणाचं का असंना."

"एक पाळी," ऋतुजा म्हणाली.

"एक पाळी. मग तो हंगाम. मग पुढचा. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तुझ्या आईशी सुपारी फुटली हुती, पॅनमन म्हणून. मी खोलीत बसून काय करू? भाकरी कराय लागलो."

"आणि आईला कधी सांगितलं नाही?"

"काय सांगू? पॅनच्या आवाजाला भितो म्हणून?"

नाना बशीत चहा ओतत होते. "जाऊ दे की आता. भाकरी लै भारी करायचा त्यो. वहिनीला उगा वाटतं, उपाशी ठेवला म्हणून."

"तुम्ही गप्प बसा, नाना!" ऋतुजाचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून बघू लागली, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "तुम्हाला बघायला माणसं यायची. मुलगा काय करतो, विचारायची. तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

नानांनी आप्पांकडे पाहिले नाही. आप्पाच बोलले. "मीबी तिथं बसलेला असायचो. आमचं वडील सांगायचं, भावाजवळ असतो. मी पोहं खात बसायचो."

नानांनी रिकामी बशी खाली ठेवली. ते म्हणाले, "उद्या मी बसतो की. नेहमीसारखं. अंकुश वाघमोडे म्हणून. साक्ष बी खरी निघंल, नाव बी खराब न्हाय व्हायचं. दावा पोरीनंच भरलाय, तिची नोकरीबी राहील."

ऋतुजाने त्याच क्षणी नको म्हणायला हवे होते. तिच्या डोळ्यांपुढे प्रतीक्षालयातला पडदा आला, त्यावर वडिलांचे नाव, लाल. खाली सासरची माणसे, केंद्रात येणारी शाळेतली मैत्रीण. ती म्हणाली, "आप्पांच्या फोटोत मिशी बारीक आहे. तुमची कापावी लागेल."

नानांनी मान डोलावली. आप्पा उठून हात धुवायला गेले. त्यांनी काही खाल्ले नव्हते.

सोमवारी केंद्र भरले होते. कारखान्याने बऱ्याच जागा काढल्या होत्या. उमेदवार ऑपरेटरच्या नात्यातला असला तर कंपनीचा माणूस समोर बसलाच पाहिजे, असा नियम होता. त्याप्रमाणे जोगदंड नावाचे अधिकारी आले होते, गोरेगोमटे, बोलके. साक्षीची खोली आणि प्रतीक्षालय यांच्यामध्ये काच होती. आत काय चालले आहे ते बाहेरच्यांना दिसे.

बारीक मिशीतले नाना आत आले. आप्पा बाहेर मागच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. पाकाच्या कामात बोटांच्या रेषा भाजून जातात म्हणून पॅनमन लोकांना ठशांतून सूट होती. कॅमेऱ्याने चेहरा बघून थोडी शंका काढली. ऋतुजाने "ओळख पटली" हे बटण दाबले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"या, वाघमोडे," जोगदंड म्हणाले. "तुमच्या हातची साखर खाल्ली असणार आम्ही कधीतरी."

"असंल की साहेब."

पॅनची साक्ष झाली. रेघ प्रत्येक ठिकाणी उडाली. जोगदंड पुढे सरकून बघत होते.

राहिली होती नावाची चाचणी. एकाच आवाजात कानात पंधरा-वीस नावे ऐकवायची, बहुतेक परकी, मध्ये उमेदवाराचे आणि त्याच्या घरातल्या एक-दोघांचे. आपले नाव ऐकले की मेंदू सर्वांत जोरात दचकतो, झोपेतसुद्धा. इथे नाना अडकणार हे ऋतुजाला ठाऊक होते. उमेदवार घाबरलेला असला तर ऑपरेटरला तसा शेरा मारून पुढे जाता येई. तो शेरा तिने मनात तयार ठेवला होता.

दशरथ. सरळ. पोपट. सरळ. लहू. सरळ. रावसाहेब. सरळ.

अंकुश.

रेघ ताडकन वर गेली.

ऋतुजाला वाटले, काहीतरी चुकले. तिने क्रम बदलून नावे पुन्हा लावली. लहू आले आणि गेले, रस्त्यावरून कुणी अनोळखी माणूस जावा तसे. अंकुशला नाना पुन्हा उडाले. पडद्यावर हिरवे अक्षर आले, ओळख जुळली. शेऱ्याची गरजच पडली नाही.

"वा!" जोगदंड म्हणाले. "एवढी स्वच्छ साक्ष मी अजून पाहिली नव्हती. करा मंजूर, ताई."

तिचे बोट बटणावर गेले आणि तिथेच राहिले. कारखान्यात त्यांना सगळे अंकुश म्हणत, हे काल आप्पांनी सांगितले होते. घरी आले की ते भावजी, नाना, दीर. त्यांच्या नावाने त्यांना कुणी हाक मारली होती? तिने स्वतः लग्नात त्यांचे नावही सांगितले नव्हते.

"एक मिनिट, साहेब," म्हणत ती उठली आणि बाहेर आप्पांपाशी गेली.

"झालं?" आप्पांनी विचारले.

"झालं. पास झाले." "आप्पा, लहू म्हटल्यावर नानांची रेघ हलली नाही. दोनदा ऐकवलं. अंकुश म्हटल्यावर हलली."

आप्पांना आधी समजले नाही. मग समजले. त्यांनी टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि काचेचे दार ढकलून आत गेले.

"साहेब, अंकुश वाघमोडे मी. ह्यो माझा भाऊ."

जोगदंड दोघांकडे आळीपाळीने बघू लागले. "मग पॅन?"

"त्यानं चालवला. माझ्या नावावर. मी खोलीवर भाकरी करत हुतो."

दार उघडेच होते. प्रतीक्षालयात कुणीतरी फिस्सकन हसले. कुणी म्हणाले, "काय म्हणतोय अंकुशअण्णा?" दुसऱ्याने त्याला सांगितले आणि ते बाकाबाकावरून मागे गेले.

"आप्पा!" नाना खुर्चीतून उठत म्हणाले. मोठ्या भावाला ते आप्पाच म्हणत. "वेडबिड लागलं का?"

"ऊठ तिथनं. साहेब, मला बसवा."

"गरज नाही हो," जोगदंड म्हणाले. "तुम्ही कबूलच करताय. दावा मागे घेतला असं लिहू, गाजावाजा नको."

"न्हाय. बसवा. माझ्या नावाची साक्ष हाय, माझीच होऊ द्या."

ऋतुजाने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवले. पट्टा तिला लागेना, तो नानांनी लावून दिला. काचेपलीकडे माणसे उभी राहून बघत होती. पॅनचा मजला आला. चुका आल्या आणि गेल्या. रेघ सरळ चालली, सगळ्यांसमोर. मग माल सोडायचा आवाज आला. आप्पांच्या कपाळावर घाम फुटला, जबडा घट्ट झाला, पाय खुर्चीवर आपटू लागले. रेघेचे नुसते गुंतवळ झाले. पण या वेळी त्यांनी मुठी सोडल्या नाहीत. आवाज पूर्ण संपेपर्यंत सोडल्या नाहीत.

बाहेरच्या पडद्यावर नाव आले. अंकुश तुकाराम वाघमोडे, दावा खोटा. लाल.

हसणे थांबले होते. लोक एकेक करून खाली बसले. कुणी मोबाइल काढला, कुणी दाराकडे बघू लागले. ऋतुजाची मैत्रीणही त्यांच्यात होती. तिने नजर दुसरीकडे वळवली.

"ताई," जोगदंड हळू आवाजात म्हणाले, "कॅमेऱ्याने शंका काढली होती. ओळख पटली हे तुम्ही दाबलंत."

"हो."

"ओळखपत्र इथं ठेवा. वर कळवावं लागेल मला."

तिने गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले. ते काढताना केसात अडकले, तेव्हा रडू येऊ नये म्हणून तिने ओठ दाबून धरले.

जोगदंडांनी उसासा टाकला आणि नव्या नोंदीचे पान उघडले. मग ते नानांकडे वळले. "तुमच्या हाताला काम येतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण तुमच्या नावावर एक दिवसाचाही अनुभव नाही. नवशिक्या म्हणून शिफारस करू शकतो, तेवढीच. घेतील की नाही सांगता येत नाही."

"चालंल," नाना म्हणाले.

"नाव सांगा."

नानांनी भावाकडे पाहिले, परवानगी मागावी तसे. आप्पा अजून खुर्चीत होते, घामाने भिजलेले, हेल्मेट काढायचे कुणाला सुचले नव्हते.

"सांग की," आप्पा म्हणाले.

"अं…" नानांच्या तोंडात सवयीचे अक्षर आले. त्यांनी ते गिळले. "लहू," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की जोगदंडांनी कान पुढे केला.

"मोठ्यानं."

"लहू तुकाराम वाघमोडे."

जोगदंड खाली मान घालून टाइप करत होते. नाना भिंतीकडे बघत होते. रेघेचा पडदा फक्त ऋतुजाला दिसत होता. मशीन चालूच होते, आणि त्या नावाला आप्पांची रेघ वरच्या कडेला जाऊन भिडली होती.